संकट चिघळण्याआधी: युरोपातल्या शिष्टाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या राजकारणावर चार लोकांत बोलणं निघालं की तेच प्रश्न पुढे येतात. हे लोक नुसत्या बैठकाच घेतात का? युक्रेनच्या वेळी कुठे गेली होती यांची शिष्टाई? आणि आपल्याला त्याचं काय? प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तरं एका जागी दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती प्रकरणं थोडक्यात सांगितली तर त्यातलं महत्त्वाचं तेच निसटतं.

संकट “चिघळू न देणं” म्हणजे नेमकं काय?

उन्हाळा लागायच्या आत वनखातं जंगलात जाळरेषा काढतं. गवत आणि पाचोळा साफ करून जमिनीचा एक पट्टा मोकळा केला जातो, म्हणजे वणवा लागलाच तर तिथे येऊन अडतो. आग नेमकी कुठे लागेल हे माहीत नसतानाच हे काम करावं लागतं.

राजनयातला हा भाग तसाच आहे. दोन देशांत किंवा एकाच देशातल्या दोन समाजांत भांडण असणारच. ते मिटायला पिढ्या जातात. पण भांडण भांडणच राहावं, त्याची लढाई होऊ नये, एवढं पाहणं हे वेगळं काम आहे आणि ते जमण्यासारखं आहे. आपल्याकडे शिष्टाई म्हटलं की कृष्णाची कौरवसभेतली शिष्टाई आठवते. ती फसली, पण तोवर दोन्हीकडे सैन्याची जमवाजमव झालेली होती. मला विचाराल तर शिष्टाईची खरी वेळ द्यूतसभेच्या आधीची होती. पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये हाच मुद्दा वेगवेगळ्या रूपांत येईल.

युरोपात हे काम कोण करतं? नावं सारखीच वाटतात.

वाटतातच, आणि वर्तमानपत्रांतही त्यांची सरमिसळ होते. युरोपीय संघ म्हणजे २७ देशांचा संघ. त्याचं परराष्ट्र धोरण सांभाळायला “उच्च प्रतिनिधी” हे पद आहे, आणि डिसेंबर २०२४ पासून त्यावर एस्टोनियाच्या माजी पंतप्रधान काया कालास आहेत. कौन्सिल ऑफ युरोप ही त्याहून निराळी, ४६ देशांची संस्था. तिचं ठाणं स्ट्रासबर्गला आहे आणि युरोपचं मानवाधिकार न्यायालय तिच्याकडे आहे. नाटो ही लष्करी आघाडी.

चौथी संस्था आपल्याकडे जवळजवळ कोणाला ठाऊक नसते आणि या विषयात तीच सर्वांत महत्त्वाची आहे: युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटना, म्हणजे ओएससीई. सदस्य ५७, त्यात अमेरिका आणि कॅनडाही आहेत आणि रशियाही. व्हिएन्नातल्या जुन्या हॉफबुर्ग राजवाड्यात तिच्या राजदूतांची बैठक बसते. तिच्याकडे फौज नाही, आणि कोणताही निर्णय सर्वांच्या संमतीशिवाय होत नाही. तिचं मूळ १ ऑगस्ट १९७५ च्या हेलसिंकी करारात आहे. शीतयुद्ध भरात असताना ३५ देशांनी त्यावर सह्या केल्या होत्या.

१९१४ मध्येही राजदूत होते, तारा होत्या, राजे एकमेकांचे नातलग होते. मग महायुद्ध का थांबलं नाही?

त्याच्या दहा वर्षं आधीची एक गोष्ट आधी सांगायला हवी. ऑक्टोबर १९०४ मध्ये जपानशी लढायला निघालेल्या रशियन आरमाराने उत्तर समुद्रात डॉगर बँक इथे रात्रीच्या अंधारात हल बंदरातल्या इंग्रज मासेमारी नौकांवर तोफा डागल्या. या जपानी टॉर्पेडो नौका आहेत असा त्यांचा समज झाला होता. कोळी मारले गेले, ब्रिटनमध्ये संताप उसळला, आरमार सज्ज झालं. फ्रान्स रशियाचा मित्र होता आणि त्याच वर्षी ब्रिटनशीही त्याचा समझोता झाला होता. त्याने मध्ये पडून दोघांना चौकशी आयोगावर राजी केलं. पॅरिसमध्ये पाच देशांचे पाच ॲडमिरल बसले, साक्षी झाल्या, फेब्रुवारी १९०५ मध्ये निष्कर्ष आला आणि रशियाने सुमारे ६६ हजार पौंड भरपाई दिली. आयोगाने दोन कामं केली. नेमकं काय घडलं ते शोधलं, आणि त्या शोधाच्या निमित्ताने चार महिने काढले. चार महिन्यांत डोकी थंड होतात.

१९१४ मध्ये हा वेळच काढून घेतला गेला. साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाचा खून झाला तो २८ जूनला. ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला २३ जुलैला, संध्याकाळी. ती वेळ मुद्दाम निवडली होती: फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोआंकारे रशियाच्या भेटीवरून परत निघून जहाजावर असावेत, म्हणजे फ्रान्स आणि रशियाला तत्काळ एकत्र बसता येऊ नये. उत्तरासाठी मुदत ४८ तास. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी २६ जुलैला चार देशांची परिषद सुचवली. बाल्कन युद्धांच्या वेळी, १९१२-१३ मध्ये, लंडनमध्ये राजदूतांची अशीच परिषद बसवून त्यांनी मोठ्या सत्तांना एकमेकींवर जाण्यापासून रोखलं होतं. या वेळी जर्मनीने नकार दिला. २८ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध जाहीर केलं. त्यानंतर जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार यांच्यात तारा गेल्या, पण तोवर दोन्हीकडे फौजा हलवण्याची वेळापत्रकं चालू झाली होती.

याची किंमत फक्त युरोपने मोजली नाही. हिंदी लष्कराची सहावी डिव्हिजन, जिचं नावच पूना डिव्हिजन होतं, मेसोपोटेमियात गेली. कुत-अल-अमारात तिला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यात मराठा पलटणींचे जवान होते. घाटावरचा एखादा शेतकऱ्याचा मुलगा टायग्रिसच्या काठी उपाशी राहिला, त्याच्या कारणांच्या साखळीत जुलै १९१४ मधली ती ४८ तासांची मुदत आहे.

प्रत्यक्ष थांबवलेलं एखादं संकट सांगाल का?

नार्व्हा, १९९३. माझ्या मते हे प्रकरण शाळेत शिकवलं पाहिजे.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र झाला. १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांची मुलंबाळं, एवढ्यांनाच आपसूक नागरिकत्व मिळालं. सोव्हिएत काळात कारखान्यांत कामाला आलेले रशियन भाषक बाहेर राहिले. लोकसंख्येच्या जवळपास एक तृतीयांश माणसं एका रात्रीत बिगरनागरिक झाली. जून १९९३ मध्ये संसदेने “परकीयांचा कायदा” केला: तीस-तीस वर्षं त्या देशात राहिलेल्यांनी ठरावीक मुदतीत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. परवाना नाकारला तर काय, हे धड कोणालाच कळत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना उद्या आपल्याला सामानासकट हाकलतील अशी भीती वाटू लागली.

नार्व्हा हे त्याच नावाच्या नदीवरचं सीमेवरचं शहर. पलीकडच्या तीरावर रशियाचं इवानगोरोद. नार्व्हात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक रशियन बोलणारे. तिथल्या आणि शेजारच्या सिल्लामाए गावच्या नगरपरिषदांनी स्वायत्ततेसाठी सार्वमत जाहीर केलं, १६ आणि १७ जुलै. सरकार म्हणालं, हे बेकायदा आहे. रशियन फौजा तेव्हा अजून एस्टोनियाच्या भूमीवर तळ ठोकून होत्या. पोलीस मतपेट्या उचलायला गेले, दगड पडला, गोळी सुटली, आणि नदीपलीकडून “आमच्या माणसांच्या रक्षणासाठी” कोणी आलं, असा शेवट समोर दिसत होता. युगोस्लाव्हियात त्याच सुमारास काय चाललं होतं ते सगळे रोज टीव्हीवर पाहत होते.

इथे मॅक्स फान डेर स्टूल आले. नेदरलँड्सचे माजी परराष्ट्रमंत्री, आणि आजच्या ओएससीईचे राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठीचे पहिले उच्चायुक्त. हे पद नुकतंच निर्माण झालं होतं. त्यांच्या अधिकारपत्रात “लवकर इशारा आणि लवकर कृती” हेच काम लिहिलेलं होतं. ते राजधानी तालिनला गेले, नार्व्हाला गेले, पुन्हा तालिनला गेले. दोन्ही बाजूंकडून त्यांनी प्रत्येकी एकच गोष्ट मिळवली. नगरपरिषदांनी कबूल केलं की सार्वमत कायदेशीर की बेकायदा याचा एस्टोनियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्ही मानू. सरकारने कबूल केलं की मतदान थांबवायला बळ वापरणार नाही. ही दोन्ही वचनं त्यांनी जाहीर करून टाकली, म्हणजे कोणालाही मागे फिरणं अवघड व्हावं.

त्याच्या थोडं आधी राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनीही शहाणपण दाखवलं होतं. स्वतःच्या संसदेने केलेल्या कायद्यावर सही न करता त्यांनी तो अभिप्रायासाठी फान डेर स्टूल आणि कौन्सिल ऑफ युरोप यांच्याकडे धाडला. दोघांनी दुरुस्त्या सुचवल्या, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संसदेने त्यातल्या बऱ्याच मान्य केल्या. नव्या स्वातंत्र्याचा अभिमान ताजा असताना बाहेरच्यांचा सल्ला असा उघडपणे मागणं सोपं नव्हतं.

सार्वमत झालं. मतदान करणाऱ्यांनी प्रचंड बहुमताने स्वायत्तता मागितली. ११ ऑगस्टला न्यायालयाने ते रद्द ठरवलं. नार्व्हाने निकाल मानला. कोणी मेलं नाही. पुढच्या वर्षी, ३१ ऑगस्ट १९९४ पर्यंत, रशियन फौजा निघून गेल्या. नागरिकत्वाचं दुखणं अनेक वर्षं राहिलं, काही अंशी आजही आहे, पण ते अर्ज, भाषेच्या परीक्षा आणि निवडणुका यांच्या पातळीवर राहिलं.

हे एका माणसाच्या गुणांमुळे झालं की पद्धतीमुळे?

माणूस चांगला होताच, पण पद्धतही नीट आखलेली होती. या उच्चायुक्ताला कोणत्याही सदस्य देशात जाण्यासाठी दर वेळी सर्व सरकारांची संमती घ्यावी लागत नाही. तो पत्रकार परिषदा गाजवत नाही, शिफारशी आधी सरकारला खाजगीत पाठवतो. त्याच्या पदाच्या नावात “अल्पसंख्याकांसाठी” आहे, “अल्पसंख्याकांचा” नाही. म्हणजे तो कोणाचा वकील नाही, त्याचं काम संघर्ष टाळणं एवढंच. त्यामुळे सरकारं त्याला दार उघडतात.

उशीर झाल्यावरही काही करता येतं का?

येतं, महाग पडतं. मॅसेडोनियाचं उदाहरण घ्या, आजचा उत्तर मॅसेडोनिया.

युगोस्लाव्हिया फुटत असताना हा देश १९९१ मध्ये रक्त न सांडता वेगळा झाला. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९९२ मध्ये तिथे सुमारे हजारभर सैनिकांची तुकडी पाठवायचं ठरवलं. त्यांच्या इतिहासातली ही पहिली तुकडी, जी युद्ध होण्याच्या आधी, ते होऊ नये म्हणून गेली. तिने सहा वर्षं सीमा राखली. मग जानेवारी १९९९ मध्ये मॅसेडोनियाने तैवानला मान्यता दिली, आणि फेब्रुवारीत चीनने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून तुकडीची मुदत संपवली. बाल्कनमधली जाळरेषा तैवानच्या प्रश्नावरून बुजली.

दोन वर्षांत आग लागली. देशात सुमारे एक चतुर्थांश लोक अल्बेनियन. त्यांच्या तक्रारी जुन्या होत्या: पोलिसांत आणि सरकारी नोकऱ्यांत जागा नाहीत, मातृभाषेत उच्च शिक्षण नाही. १९९४ च्या अखेरीस तेतोव्होत त्यांनी परवानगीविना स्वतःचं विद्यापीठ सुरू केलं होतं, तेव्हा पोलीस कारवाईत एकाचा जीव गेला होता. २००१ च्या सुरुवातीला अली अहमेती यांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र बंड उभं राहिलं. मार्चमध्ये तेतोव्होच्या वरच्या टेकड्यांवरून गोळीबार सुरू झाला. जूनमध्ये बंडखोर राजधानी स्कोप्येच्या अगदी जवळच्या अराचिनोव्हो गावात शिरले.

युरोपीय संघाचे हाविएर सोलाना आणि नाटोचे सरचिटणीस जॉर्ज रॉबर्टसन अक्षरशः स्कोप्येच्या खेपा घालत होते. अराचिनोव्होतून बंडखोरांना बसमध्ये बसवून सुखरूप बाहेर काढलं गेलं, तेव्हा चिडलेला जमाव २५ जूनच्या रात्री संसदेत घुसला. शत्रूला बसमधून घरी सोडलं, हे कोणत्या देशाला रुचेल? पण राजधानीच्या वेशीवर घराघरात लढाई झाली असती तर दोन्ही समाज कायमचे फाटले असते. तो निर्णय बरोबर होता असं मी ठामपणे म्हणेन.

मग ओह्रिद सरोवराकाठी चार पक्षांची बोलणी बसली, दोन मॅसेडोनियन आणि दोन अल्बेनियन. युरोपतर्फे फ्रान्सचे फ्रांस्वा लेओतार आणि अमेरिकेतर्फे जेम्स पार्ड्यू मध्यस्थ होते. बंडखोर मेजावर नव्हते, त्यांच्याशी नाटोचा दूत वेगळा बोलत होता. बोलणी संपत आली असताना, ८ ऑगस्टला, महामार्गावर दबा धरून झालेल्या हल्ल्यात दहा सैनिक मारले गेले. तरी मेज सुटलं नाही. १३ ऑगस्ट २००१ रोजी करार झाला. किमान २० टक्के लोक जी भाषा बोलतात ती अधिकृत, पोलिसांत लोकसंख्येच्या प्रमाणात भरती, नगरपालिकांना जास्त अधिकार. भाषा आणि संस्कृतीचे कायदे करताना नुसतं बहुमत पुरणार नाही, अल्पसंख्य समाजांच्या खासदारांचंही त्यांच्यापुरतं बहुमत लागेल. फ्रेंच कायदेपंडित रोबेर बादँतेर यांच्या नावाने हे “बादँतेर बहुमत” म्हणून ओळखलं जातं. नाटोचे सुमारे साडेतीन हजार सैनिक तीस दिवसांसाठी आले आणि ३,८०० च्या वर शस्त्रं गोळा करून गेले.

त्याच शरदात तेतोव्होत नवं, कायदेशीर विद्यापीठ उघडलं. अल्बेनियन, मॅसेडोनियन आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत शिकवणारं. त्यासाठी फान डेर स्टूल वर्षानुवर्षं झटत होते. ते दोन वर्षं आधी उघडलं असतं तर? कोणी सांगावं. पण २०२४ मध्ये त्या देशाला काही महिन्यांसाठी पहिला अल्बेनियन पंतप्रधान मिळाला, तलात जाफेरी, एकेकाळचा त्याच बंडातला कमांडर. सत्तेवर आला तो संसदेच्या मतदानाने.

गाड्यांच्या नंबरप्लेटवरून युद्धाची भीती निर्माण झाली होती, हे खरं आहे का?

खरं आहे. कोसोव्होने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बिया ते मानत नाही. कोसोव्होच्या उत्तरेतले सर्ब लोक सर्बियाने दिलेल्या क्रमांकाच्या गाड्या चालवत. २०२१ मध्ये कोसोव्हो सरकारने त्या प्लेट सीमेवर काढायला लावल्या. रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, सर्बियाची लढाऊ विमानं सीमेजवळ घिरट्या घालू लागली. तेव्हा तोडगा निघाला तो स्टिकरचा: दोघांनीही एकमेकांच्या प्लेटवरची राष्ट्रचिन्हं स्टिकरने झाकायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकरण पुन्हा तापलं, उत्तरेतल्या सर्ब पोलिसांनी आणि न्यायाधीशांनी सामूहिक राजीनामे दिले. २३ नोव्हेंबरला युरोपीय संघाच्या मध्यस्थीने नवा समझोता झाला.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर “एमएच” क्रमांकाच्या ट्रकवर दगड पडले. नंबरप्लेट म्हणजे पत्र्याचा तुकडा नव्हे, ती “ही जमीन कोणाची” याची घोषणा असते, हे मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको.

कोसोव्होत सगळं निभावलं असं मात्र नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बान्स्का गावात सशस्त्र सर्ब गटाच्या हल्ल्यात एक पोलीस आणि तीन हल्लेखोर ठार झाले.

शत्रुदेश एकमेकांना लष्करी सरावाची सूचना आधीच का देतात?

गैरसमजातून युद्ध होऊ नये म्हणून. १९८६ च्या स्टॉकहोम दस्तऐवजाने ठरवलं की १३ हजार सैनिकांहून मोठा सराव असेल तर ४२ दिवस आधी कळवायचं. पुढे व्हिएन्ना दस्तऐवजाने ही मर्यादा नऊ हजारांवर आणली. सराव आणखी मोठा असेल तर दुसऱ्या देशांचे निरीक्षक बोलवायचे. एखाद्या देशाची हालचाल संशयास्पद वाटली तर शेजारी खुलासा मागू शकतो आणि उत्तर ४८ तासांत द्यावं लागतं. १९१४ मध्ये ४८ तास धमकीसाठी वापरले होते, इथे तेवढेच तास खुलाशासाठी आहेत.

युद्ध थांबल्यानंतर निरीक्षक तिथे करतात तरी काय?

जॉर्जिया पाहा. ऑगस्ट २००८ मध्ये रशिया-जॉर्जिया युद्ध पाच दिवस चाललं. युरोपीय संघाचं अध्यक्षपद तेव्हा फ्रान्सकडे होतं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी मॉस्को आणि तिबिलिसी गाठून १२ ऑगस्टला सहा कलमी समझोता केला, आणि १ ऑक्टोबरला संघाचे दोनशेहून अधिक नि:शस्त्र निरीक्षक कामाला लागले. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचं आणि ओएससीईचं पथक रशियाच्या विरोधामुळे बंद पडलं. राहिले फक्त हे. जॉर्जियातून फुटून निघालेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियात त्यांना प्रवेश नाही, ते अलीकडच्या बाजूने गस्त घालतात.

त्यांच्याकडे एक हॉटलाइन आहे, आणि ती चोवीस तास चालू असते. गुरांमागे गेलेला कोणी शेतकरी नकळत रेषा ओलांडून पकडला गेला, की फोन होतो. कालव्याचं पाणी अडलं, पलीकडच्या आजाऱ्याला इस्पितळात आणायचं आहे, तरी फोन होतो. एर्गनेती नावाच्या गावात दोन्ही बाजू अशाच गोष्टींवर समोरासमोर बसतात. यातून प्रश्न सुटलेला नाही. पण एका पकडलेल्या शेतकऱ्यावरून गोळीबार होत नाही, आणि त्या शेतकऱ्याच्या घरच्यांसाठी तेच सगळं असतं.

मग युक्रेनमध्ये एवढी सगळी यंत्रणा का कोसळली?

या प्रश्नाला वळसा घालून चालणार नाही.

यंत्रणा होती. मार्च २०१४ मध्येच ओएससीईचं विशेष पथक युक्रेनमध्ये गेलं. पुढे त्याचे शेकडो निरीक्षक पूर्व युक्रेनमधल्या डोनबासमध्ये रोज स्फोट मोजून अहवाल देत. सप्टेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मिन्स्कचे करार झाले. जर्मनी आणि फ्रान्सने रशिया-युक्रेनला एका मेजावर आणलं. २०१५ नंतर लढाईची तीव्रता उतरली, हे त्या करारांचं श्रेय आहे. पण करारातली कलमं कोणत्या क्रमाने अमलात आणायची, सीमेचा ताबा आधी की निवडणुका आधी, हे मुद्दाम संदिग्ध ठेवलं होतं. त्या दिवशी सही व्हावी म्हणून ठेवलेली ती संदिग्धता पुढची सात वर्षं भोवली. रशिया स्वतःला पक्षकार मानायलाच तयार नव्हता, आपण मध्यस्थ आहोत म्हणायचा. ज्याच्या हातात बंदूक तोच मध्यस्थ म्हणवू लागला तर मेजाला अर्थ उरत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने व्हिएन्ना दस्तऐवजाप्रमाणे रशियाकडे सैन्याच्या जमावाचा खुलासा मागितला. उत्तर आलं नाही. बोलावलेल्या बैठकीला रशिया आला नाही. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्रों ७ फेब्रुवारीला मॉस्कोत त्या लांबलचक मेजाच्या एका टोकाला बसले, आठवड्याभराने जर्मनीचे शोल्त्स गेले. २४ फेब्रुवारीला आक्रमण झालं. मार्चअखेर ओएससीईच्या पथकाची मुदत संपली, रशियाने ती वाढवू दिली नाही.

ही सगळी साधनं अपघात, गैरसमज आणि भीती यांच्यासाठी बनवलेली आहेत. एका बाजूने युद्ध करायचं ठरवूनच टाकलं असेल तर ती साधनं इशारा देतात, अडवू शकत नाहीत. अडवायला तेव्हा दुसरं काही लागतं: सैन्याची भीती, पैशाची भीती, मित्रदेशांचा दबाव. २०१४ ते २०२२ या काळात युरोपने रशियन गॅस घेणं चालूच ठेवलं आणि त्या भीतीची धार स्वतःच बोथट केली, असं माझं मत आहे.

खारकीव्ह आणि इतर शहरांत वैद्यकीय शिकणारी आपली मुलं, महाराष्ट्रातलीही, तळघरांत अडकली. “ऑपरेशन गंगा”तून २२ हजारांहून अधिक भारतीय परत आले. कर्नाटकातला एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये मारला गेला.

इराणच्या अणुप्रश्नात युरोपने काय मिळवलं?

बारा वर्षं. ऑक्टोबर २००३ मध्ये, इराक युद्धाच्या धुरळ्यात, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीचे परराष्ट्रमंत्री एकत्र तेहरानला गेले. अमेरिका तेव्हा इराणशी बोलत नव्हती. तिथून निघालेला धागा १४ जुलै २०१५ च्या व्हिएन्ना करारापर्यंत पोचला: युरेनियमचं समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपर्यंत, साठा ३०० किलोपर्यंत, आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षक. मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. युरोपने करार जिवंत ठेवायची धडपड केली, डॉलर टाळून व्यापाराची सोयही काढून पाहिली, पण अमेरिकी निर्बंधांच्या धाकाने कंपन्या आल्या नाहीत. २०१९ मध्ये भारतानेही इराणचं तेल घेणं थांबवलं. करार घडवता येतो, मोठा भिडू उठून गेल्यावर तो टिकवता येत नाही, ही युरोपची मर्यादा इथे उघडी पडली.

२७ देशांचं एकमत होतं तरी कसं?

बरेचदा होत नाही, किंवा इतकं उशिरा होतं की त्याचा उपयोग राहत नाही. परराष्ट्र धोरणात एक देशही ठराव अडवू शकतो. कोसोव्होला तर संघातल्या पाच देशांनी अजून मान्यताच दिलेली नाही. गंमत वाटेल, पण काही वेळा याचाच उपयोग होतो: सर्बियाला संघ पूर्ण विरोधातला वाटत नाही. तरीही घाईच्या वेळी खरं काम दोन-तीन देश किंवा एखादा दूतच करतो आणि बाकीचे मागाहून मान डोलावतात.

युरोपने बोलायलाच नकार दिला, असं उदाहरण आपल्याकडचं आहे का?

गोवा. भारताने फेब्रुवारी १९५० मध्ये पोर्तुगालला बोलणी सुरू करायला सांगितलं. लिस्बनचं उत्तर एकच: गोवा वसाहत नाही, पोर्तुगालचाच भाग आहे, तेव्हा बोलायचं कशावर? १९५१ मध्ये त्यांनी घटना बदलून वसाहतींना “सागरपार प्रांत” असं नाव दिलं. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. १९५५ च्या ऑगस्टमध्ये नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यात महाराष्ट्रातले कित्येक जण पडले. फ्रान्सने त्याच काळात पाँडिचेरीचा ताबा वाटाघाटींनी सोडला, हे लक्षात घेतलं की पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा हट्ट अधिकच खुपतो.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य शिरणार हे दिसू लागलं तेव्हा सालाझारांचा हुकूम आला की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नाही. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो मानला नाही. १९ डिसेंबरला ते शरण आले. जुन्या पणजीतली, मडगावातली घरं, चर्च आणि देवळं आणि त्यांतली माणसं वाचली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकलं गेलं. पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळल्यावर डिसेंबर १९७४ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, आणि वासालो ई सिल्वा यांचा हुद्दाही त्यांना परत मिळाला.

युरोपातल्या एखाद्या नव्या तणावाची बातमी वाचताना काय पाहावं?

नेत्यांची भाषणं मी शेवटी वाचतो. आधी पाहतो ते हे: निरीक्षक अजून जागेवर आहेत का, की कोणी त्यांची मुदत अडवली? दोन्ही सैन्यांमधला फोन उचलला जातोय का? निर्वाणीच्या अटीला मुदत किती, आणि ती कोणी ठरवली? मध्यस्थाला दोन्हीकडे दार उघडतं का? आणि ज्यांच्यावरून भांडण पेटलंय त्या लोकांना शाळा, भाषा, पेन्शन, ओळखपत्र यांपैकी काय हवं आहे, हे कोणी त्यांच्या गल्लीत जाऊन विचारलं आहे का? १९९३ च्या उन्हाळ्यात नार्व्हात ते विचारायला सत्तरीला टेकलेला एक डच गृहस्थ गेला होता.